सहाचाकीचा क्राउन-पिनियन स्वतः बदलायचा का? हाउसिंग उघडण्याआधीचा आणि नंतरचा हिशेब

गाडी रिकामी असताना आवाज नाही. भरली की टॉप गिअरमध्ये ४० ते ५०च्या दरम्यान मागून ‘हूं’ असा एकसुरी आवाज सुरू होतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की थांबतो. चालक म्हणतो, क्राउन गेला, म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक. मालक लगेच क्राउन आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन अशा सेटचा भाव विचारतो आणि गॅरेजवाल्याची मजुरी ऐकून म्हणतो, एवढंच असेल तर आपणच बदलू. पण खोलून बदलणं हे एक काम नाही. त्यात तीन वेगळी कामं आहेत: दुखणं ओळखणं, वजन उतरवणं-चढवणं आणि सेटिंग करणं. पहिली दोन बहुतेकांना जमतात. तिसऱ्यासाठी लागणारी अवजारं बहुतेकांकडे नसतात.

पुढचं सगळं १६ टनी वर्गातल्या एका सहाचाकी ट्रकबद्दल आहे. मागे एकाच टप्प्याचं हायपॉइड डिफरन्शियल, क्राउनला ४१ दात, टेल पिनियनला (पुढे नुसतं पिनियन) ६, म्हणजे ६.८३चं गुणोत्तर. टायर १०.००-२०. रचना मेरिटर पद्धतीची, म्हणजे पिनियन केज नावाच्या वेगळ्या घरात बसवलेला आणि केजच्या फ्लँजखाली, म्हणजे कडेच्या तबकडीखाली, शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या). (या घराण्याचे ॲक्सल भारतात म्हैसूरला बनतात, पुण्याच्या कल्याणी समूहाच्या भागीदारीतल्या ऑटोमोटिव्ह ॲक्सल्समध्ये.) तुमची गाडी वेगळी असेल तर क्रम बहुतेक हाच राहील, पण आकडे त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलेच घ्यायचे.

आधी आवाज नेमका कुठून येतो ते बघायचं. क्राउनचा आवाज लोडवर बदलतो. ओढताना येतो आणि सोडल्यावर जातो, म्हणजे दाताची ओढणारी बाजू संशयित. उलट, उतारावर पाय उचलल्यावरच गुरगुरत असेल तर दाताची मागची बाजू किंवा पिनियनची बेअरिंगं बघायची. ओढा किंवा सोडा, वेगाबरोबर घरघर सारखीच वाढत राहते आणि वळणावर एका बाजूला जोर आला की बदलते, तो हबच्या बेअरिंगचा आवाज. फक्त वळतानाच कटकट होत असेल तर आतले स्टार पिनियन, सन गिअर (वळताना दोन चाकांना वेगळा वेग देणारे लहान गिअर) आणि त्यांचे वॉशर. क्लच सोडताना ‘टण्’ असा एकच ठोका बसत असेल तर डिफरन्शियलला हात लावण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, स्प्लाइन (दांड्यावरच्या लांब खाचा) आणि सेंटर बेअरिंग हलवून बघायचं. या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं की जो दणका येतो, त्यात कित्येक चांगले क्राउन उगाच उघडले गेलेत.

पुढची तपासणी पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलेला असतो तिथे. प्रोपेलर शाफ्ट सोडवून फ्लँज दोन्ही हातांनी धरायचा आणि वर-खाली, आत-बाहेर ढकलायचा. जराही लूज लागला तर पिनियनची बेअरिंगं संपली आहेत किंवा नट ढिला झालाय. गोल फिरवून लागणारा प्ले मात्र वेगळा. त्यात क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), सन-स्टारची झीज आणि ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची झीज असं सगळं एकत्र येतं, त्यामुळे फ्लँज थोडा फिरतो एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

एक चाक जॅकवर उचलून, गाडी गिअरला टाकून आवाज ऐकण्याची पद्धत आहे. ती करू नका. डिफरन्शियल आहे म्हणूनच ती घातक आहे. वरचं चाक फिरत असताना जमिनीवरच्या चाकालाही तेवढीच ओढ मिळते, आणि जरा पकड आली की गाडी जॅकवरून पुढे जाते. शिवाय लोड नसताना येणारा आवाज खरा नसतोच.

खरी साक्ष ऑइल देतं. गाडी १५-२० किलोमीटर चालवून गरम ऑइल स्वच्छ पसरट डब्यात काढायचं. ड्रेन प्लगला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं नेहमीचं. बोटांत घासल्यावर खवले, सुया किंवा कणी लागली तर आत काहीतरी तुटलंय. ऑइल उन्हात धरल्यावर चांदीच्या रंगासारखं चमकत असेल तर बेअरिंगचा पृष्ठभाग उडायला लागलाय. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसात ओढ्यात उभी राहिलेली गाडी असली तर हे हमखास दिसतं.

या गाडीच्या चुंबकावर तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे आणि बरेच खवले निघाले, म्हणजे उघडावं लागणार हे नक्की झालं. पण ऑइल स्वच्छ असेल, प्ले नसेल आणि नुसता आवाज असेल, तर आमचं मत असं की हात लावू नये. ऑइल बदलावं आणि दर महिन्याला चुंबक तपासावा. जुने दात एकमेकांवर घासून बसलेले असतात. ते हलवून पुन्हा सेट केले की आवाज कमी होण्याऐवजी वाढतो, आणि मग मालक सेट बदलायला तयार होईपर्यंत तीच मजुरी दोनदा जाते.

उघडण्याआधी आणखी एक जागा बघायची आणि तिला पैसा लागत नाही: हाउसिंगवरचा ब्रीदर. छोटी टोपी असते, चिखलाने बुजते. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते. तिला वाट मिळाली नाही की ती पिनियनच्या सीलमधून आणि हबच्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. इथेही तेच झालं होतं. पिनियनचं सील आधी दोनदा बदललेलं होतं, ब्रीदर कोणी उघडला नव्हता. ऑइल हळूहळू कमी होत गेलं, पिनियनचं आतलं बेअरिंग कोरडं पडलं, पिनियन हलायला लागला आणि दात काठावर घासून तुटले. ब्रीदर साफ न करता नवा सेट टाकला असता तर तोही याच वाटेने गेला असता.

आता सेटची निवड. क्राउन आणि टेल पिनियन कारखान्यात एकमेकांवर फिरवून जोडी म्हणून तयार होतात. दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. पिनियन चांगला दिसतो म्हणून फक्त क्राउन बदलणं म्हणजे पैसे ओतून आवाज विकत घेणं. दुकानात खोका उघडून दोन्ही क्रमांक जुळतात का बघायचं, दात मोजायचे आणि पक्कं बिल घ्यायचं. बेअरिंगच्या बाबतीत जास्त सावध राहायचं, कारण नामांकित नावाचा बनावट माल याच भागात सर्वांत जास्त फिरतो. कोरलेला नंबर पुसट किंवा वाकडा असेल, खोक्यावरचा नंबर आणि रिंगवरचा नंबर वेगळा असेल तर परत द्यायचं.

गुणोत्तर बदलायचा मोह अनेकांना होतो. बाजारात ४१ ला ७, म्हणजे ५.८६चा सेट दिसतो आणि डिझेल वाचेल असं वाटतं. हिशेब सरळ आहे. १०.००-२० टायरचा एक फेरा साधारण ३.२ मीटरचा. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, चाकाचे सुमारे ३१२ फेरे. ६.८३ला पिनियन २१३०च्या आसपास फिरतो, ५.८६ला १८३०च्या आसपास. टॉप गिअर डायरेक्ट (एकास एक) असेल तर हेच इंजिनचे फेरे. सपाट महामार्गावर फायदा दिसेल, पण चाकावरची ओढ १४ टक्क्यांनी घटते. भरलेली गाडी घेऊन रोज कसारा किंवा आंबा घाट चढणाऱ्याला एक गिअर खाली राहावं लागेल, आणि वाचलेलं डिझेल तिथेच जाईल. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेत असेल तर तोही चुकीचा दाखवेल. मागचे दोन्ही ॲक्सल ओढणारे असतील, जसं टिपरमध्ये असतं, तर दोन्हीचं गुणोत्तर एकच हवं. आम्ही ४१ ला ६च घेतला.

तिसरा पर्याय काढीव मालाचा. भंगारात निघालेल्या गाडीची आख्खी असेंब्ली, क्राउन-पिनियन सेट केलेलं तसंच उचलायचं आणि आपल्या हाउसिंगमध्ये बसवायचं. ज्याला सेटिंग येत नाही त्याच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग. फक्त घेताना दात स्वतः मोजा, फ्लँज हलवून बघा, दातांच्या ओढणाऱ्या बाजूवर बोट फिरवा. खड्डे आणि काठावरची चमकदार धार नको. आणि ज्या असेंब्लीतलं ऑइल आधीच काढून धुऊन ठेवलंय, तिच्याबद्दल कोणालाही काहीही सांगता येतं, हे लक्षात ठेवा.

काढायला सुरुवात. जागा काँक्रीटची, सपाट. मातीवर हे काम नको, ट्रॉली जॅकची चाकं रुततात. गाडी रिकामी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक लावलेला. एक गोष्ट डोक्यात ठेवायची: ॲक्सल शाफ्ट किंवा प्रोपेलर शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये असून नसल्यासारखी, ती ठोकळ्यांवर आणि ब्रेकवरच उभी असते. या ॲक्सलमध्ये गाडीचं वजन हब आणि हाउसिंगवर असतं, शाफ्टवर नाही. त्यामुळे शाफ्ट चाकं न काढता बाहेर येतात आणि गाडी उचलायची गरजच पडत नाही. उगाच जॅकवर चढवू नका.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर पंचने समोरासमोर खूण करायची, मगच बोल्ट काढायचे. खूण चुकली तर बसवल्यावर गाडी थरथरते आणि लोक पुन्हा क्राउनला दोष देतात. सुटलेलं टोक चॅसीला दोरीने बांधायचं, क्रॉसवर लोंबकळत ठेवायचं नाही.

ॲक्सल शाफ्टचे नट काढले तरी शाफ्ट हलत नाही, कारण प्रत्येक स्टडभोवती शंकूसारखी डॉवेल घट्ट बसलेली असते. इथे बरेच जण फ्लँजच्या फटीत छिन्नी ठोकतात. त्याने हबचा आणि फ्लँजचा तळ खराब होतो आणि पुढे कायम ऑइल गळतं. बरोबर पद्धत अशी की शाफ्टच्या मधोमध, स्टडच्या वर्तुळाच्या आत पितळी दांडा धरायचा आणि अडीच-तीन किलोच्या घणाने एक-दोन जोरदार ठोके द्यायचे. डॉवेल आपोआप उसळून वर येतात. त्या मोजून डबीत ठेवायच्या. डावा-उजवा शाफ्ट खूण करून वेगळा ठेवायचा, लांबीत फरक असू शकतो. शाफ्ट आधीच तुटलेला असेल तर आतला तुकडा सन गिअरमध्ये अडकलेला राहतो. तो काढल्याशिवाय असेंब्ली बाहेर येत नाही.

आता जड भाग. असेंब्लीचं वजन शंभर किलोच्या चांगलंच वर जातं. दोन माणसांनी हातावर घेऊ म्हणणाऱ्यांची बोटं जातात. ट्रॉली जॅकवर लाकडाचा खोबणीदार आधार करून घ्यायचा, तो नाकाखाली नीट बसवायचा आणि मगच कडेचे बोल्ट काढायला घ्यायचे. वरचे दोन बोल्ट फक्त ढिले करून ठेवायचे, पूर्ण काढायचे नाहीत. सीलंटने चिकटलेली असेंब्ली सुटते तेव्हा एकदम सुटते आणि ते दोन बोल्टच तिला धरतात. फ्लँजवर आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट घट्ट करत गेलं की असेंब्ली स्वतःच पुढे ढकलली जाते. फटीत बोट घालून चाचपायचं नाही. दोन माणसांना इथपर्यंत अर्धा दिवस पुरतो, आणि हे काम स्वतः करण्यासारखं आहे.

खरा निर्णय यानंतरचा. पुढच्या कामाला लागणारी अवजारं अशी: चुंबकी स्टँडवरचा डायल गेज, ०-२५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, किमान २० टनी प्रेस, बेअरिंग पुलर, मोठा टॉर्क पाना, असेंब्ली फिरवता येईल असा स्टँड किंवा चेन ब्लॉक, आणि १० किलोपर्यंतचा ताणकाटा. पिनियनच्या नटाला ५०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क लागतो. ७० किलोच्या माणसाने एक मीटरच्या पाइपवर सगळं वजन टाकलं तर सुमारे ६९० न्यूटन-मीटर होतात, म्हणून काही जण पाइपवर लटकून अंदाजाने काम भागवतात. ते दरवेळी भागेलच असं नाही. एका गाडीसाठी ही अवजारं विकत घेणं परवडत नाही. चार-पाच गाड्यांचा धंदा असेल आणि हाताखाली शिकायची इच्छा असलेला माणूस असेल तर विचार करावा.

आम्ही मधला मार्ग घेतला: असेंब्ली काढणं आणि बसवणं स्वतः, सेटिंग प्रेस आणि गेज असलेल्या मिस्त्रीकडे, पण प्रत्येक माप समोर बसून लिहून घ्यायचं. मिस्त्री कसा आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. डायल गेज न काढता ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्याकडे असेंब्ली द्यायची नाही. अनुभवी हाताला बरंच कळतं हे खरं, पण दशांश मिलिमीटरचा दहावा भाग त्याला कळत नाही.

समोर बसल्यावर काय बघायचं? खोलण्याआधी जुन्या सेटचा बॅकलॅश मोजलेला असावा. बेअरिंगच्या कॅपवर पंचने एक ठिपका, दोन ठिपके अशा खुणा व्हाव्यात. या कॅप कॅरिअरला (असेंब्लीच्या ओतीव सांगाड्याला) जोडूनच आतून कापलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली की बेअरिंग वाकडं दबतं. क्राउन रिव्हेटने बसवलेला असेल तर रिव्हेटची डोकी ड्रिलने काढायची, छिन्नीने उडवली की केसची (क्राउन ज्यावर बसतो त्या भागाची) भोकं लांबट होतात. नवा सेट बोल्टवर बसवायचा. क्राउन केसवर घट्ट बसतो, म्हणून तो गॅसच्या टॉर्चने तापवणारे मिस्त्री आहेत. त्याने दातांची कडकपणाची प्रक्रिया एका जागी बिघडते. क्राउन ७० ते ८० अंशांच्या गरम पाण्यात १० मिनिटं ठेवला तरी तो पुरेसा फुगतो आणि सहज बसतो. चहाच्या टपरीवरचं मोठं पातेलं यासाठी आणलं की लोक हसतात, पण पद्धत तीच बरोबर आहे. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे आणि नंतर क्राउनच्या पाठीवर गेज लावून एक पूर्ण फेरा फिरवायचा. डगमग ०.२० मिलिमीटरच्या आत हवी. जास्त आली तर केसच्या तळावर कचरा किंवा चिर राहिलेली असते.

पिनियनची खोली ही सगळ्यात नाजूक बाब. पिनियनच्या टोकावर अधिक किंवा उणे असा एक आकडा कोरलेला असतो. आदर्श मापापासून हा पिनियन किती सरकलेला आहे, ते तो सांगतो. मिलिमीटर की इंचाचा हजारावा भाग, हे आधी बघायचं. एक हजारावा म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. या रचनेत हिशेब असा: जुन्या शिमची जाडी मायक्रोमीटरने मोजा. जुन्या पिनियनचा आकडा अधिक असेल तर वजा करा, उणे असेल तर मिळवा. आलेल्या आकड्यात नव्या पिनियनचा अधिक आकडा मिळवा किंवा उणे आकडा वजा करा. समजा जुने शिम ०.८०, जुना पिनियन +०.०५, म्हणजे ०.७५. नवा पिनियन −०.१०, म्हणजे ०.६५ मिलिमीटरचे शिम घालून सुरुवात करायची. जुनेच शिम जसेच्या तसे टाकणारे खूप आहेत. नव्या सेटचा आवाज पहिल्या खेपेपासून येतो त्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच. आणि जिथे शिम केजखाली नसून बेअरिंगच्या मागे, पिनियनच्या डोक्याजवळ असतात, तिथे दिशा उलटी: शिम वाढवले की पिनियन क्राउनकडे जातो.

मग प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती दाबून बसवलंय ते. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये स्पेसर असतो. जाड स्पेसर घातला की बेअरिंग सैल, पातळ घातला की घट्ट. नट पूर्ण टॉर्कला आवळून, सील न बसवता, केजभोवती सुतळी गुंडाळायची आणि ताणकाट्याने ओढायची. आधी चार-पाच फेरे फिरवून बेअरिंग बसू द्यायचं. काट्यावर सुरुवातीचा झटका वाचायचा नाही, फिरत असतानाचा आकडा वाचायचा. या घराण्यात नव्या बेअरिंगला ०.५६ ते ५.०८ न्यूटन-मीटर, म्हणजे ढोबळमानाने ६ ते ५२ किलो-सेंटिमीटर चालतं. केजची त्रिज्या ७.५ सेंटिमीटर असेल तर काट्यावर ०.८ ते ६.९ किलो. आमच्या गाडीत पहिल्या स्पेसरला काटा ९ किलोच्या पुढे गेला. एक जाड स्पेसर टाकल्यावर तो ३ वर आला. हा स्पेसर दुकानात एकटा मिळतो, तो दोन-तीन जाडींत आधीच आणून ठेवला तर दिवस वाचतो. छोट्या पिकअपमध्ये स्पेसरच्या जागी चेपणारी नळी असते, ती वेगळी गोष्ट. ती जास्त चेपली की नट मागे घेऊन चालत नाही, नवीच लागते. तिथे इम्पॅक्ट गन चालवणाऱ्याला अडवायचं.

केस कॅरिअरमध्ये बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या आटेदार रिंगा फिरवून आधी बाजूचा प्ले शून्य करायचा, मग प्रत्येक रिंग एक खाच आवळायची. बॅकलॅशसाठी गेजची सुई दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवायची, पिनियन घट्ट धरून क्राउन पुढे-मागे हलवायचा. असं तीन-चार जागी. या आकाराच्या क्राउनला ०.२० ते ०.४६ मिलिमीटर ही मर्यादा आहे, आणि नवा सेट ०.३०च्या आसपास ठेवतात. बदल करायचा तर एक रिंग जितक्या खाचा सैल, दुसरी तितक्याच घट्ट. एकच फिरवली की बेअरिंगचा प्रीलोड बिघडतो.

शेवटी दातांवरचा ठसा. क्राउनच्या १०-१२ दातांवर प्रशियन ब्लू किंवा शेंदूर तेलात कालवून पातळ लावायचा. शेंदूर म्हणजे शिसं, तेव्हा हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. क्राउनला लाकडी ठोकळ्याने थोडा अडथळा देत पिनियन फिरवायचा. ओढणाऱ्या बाजूवर ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध आणि लांबीत आतल्या, लहान टोकाकडे झुकलेला हवा, पण कडेपर्यंत न गेलेला. लोड आला की तो बाहेरच्या टोकाकडे पसरतो, म्हणून सुरुवातीची ही जागा. ठसा दाताच्या शेंड्याकडे असेल तर पिनियन लांब आहे, केजखालचे शिम कमी करायचे. मुळाशी रुतलेला असेल तर पिनियन फार आत, शिम वाढवायचे. लांबीत आतल्या टोकाला कडेपर्यंत गेला असेल तर बॅकलॅश थोडा वाढवायचा, बाहेरच्या टोकाला गेला तर कमी करायचा. शिम बदलला की बॅकलॅश पुन्हा, ठसा पुन्हा. आमचा ठसा तिसऱ्या फेरीत बसला, आणि ‘एकदाच झालं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीपेक्षा तीनदा उघडणारा बरा.

क्राउनच्या पाठीमागे थ्रस्ट स्क्रू असेल तर तो टेकेपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे घ्यायचा, फट ०.६५ ते १ मिलिमीटर. हा विसरला जातो. टेकलेलाच राहिला तर क्राउनच्या पाठीवर गोल चरा पडून ऑइलमध्ये बुरादा येतो, आणि नव्या बेअरिंगांचा बळी जातो.

सेटिंग होईपर्यंत हाउसिंग रिकामं असतं, तेव्हा ते आतून डिझेलने धुऊन, चुंबक फिरवून, पुसून घ्यायचं. ॲक्सल ट्यूबच्या कोपऱ्यांत जुने तुकडे बसलेले असतात. इथून निघालेला एक खवला नव्या बेअरिंगला पुरतो. तुटलेले सगळे तुकडे जुन्या दातांशी जुळवून बघितले तर काही राहिलंय का ते कळतं. डिफरन्शियलमधल्या, स्टार पिनियन ज्यावर फिरतात त्या क्रॉसच्या चार पायांवर निळसर भाजल्याची खूण दिसली तर सन-स्टारचा किटही बदलायचा. उसाच्या फडातून भरलेली गाडी काढताना एक चाक जागेवर आणि दुसरं चिखलात गरगर फिरतं, तेव्हा ते क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरत असतं आणि स्टार पिनियन त्याच पायांवर तापत असतात. मागच्या जोडटायरांत एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर असले तरी सरळ रस्त्यावरही हीच झीज हळूहळू चालू राहते.

बसवताना तळ कोरडा आणि तेलविरहित, सीलंटची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची सलग रेघ प्रत्येक बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. दोन लांब स्टड वाटाड्यांसारखे लावले की असेंब्ली सरळ आत जाते आणि रेघ पुसली जात नाही. बोल्ट समोरासमोर आवळायचे. नवं सील बसवताना त्याच्या ओठाला ऑइल लावायचं आणि फ्लँजवर सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर फ्लँजही बदलायचा, नाहीतर नवं सीलही गळेल. ऑइल जीएल-५ दर्जाचं, उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचं. हायपॉइडमध्ये दात एकमेकांवर घसरतात, त्यामुळे साधं गिअर ऑइल तिथे टिकत नाही. फिलर प्लगच्या खालच्या काठापर्यंत भरायचं, १० मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. ट्यूबमध्ये ऑइल पसरल्यावर पातळी खाली आलेली असते.

वेळेचा हिशेब: काढायला अर्धा दिवस, सेटिंगला दीड, बसवायला अर्धा, आणि स्पेसर-शिमसाठी दुकानाच्या फेऱ्यांत गेलेला एक. म्हणजे साडेतीन दिवस गाडी उभी. मजुरीत वाचलेले पैसे एका बाजूला आणि साडेतीन दिवसांचं भाडं व हप्ता दुसऱ्या बाजूला मांडले की बऱ्याच मालकांचं उत्तर तिथेच मिळतं. हंगामात गाडी लाइनला असेल तर काढीव पण तपासलेली असेंब्ली एका दिवसात बसवून, आपली असेंब्ली सवडीने सेट करून घेणं जास्त शहाणपणाचं. वॉरंटीतल्या गाडीला मात्र हात लावायचाच नाही.

पहिल्या दिवशी रिकामी गाडी २५ किलोमीटर चालवली, थांबवली आणि पिनियनच्या नाकावर उष्णतामापक गन धरली. गरम असणारच, पण रिकाम्या गाडीत शंभर अंशांच्या वर गेलं तर प्रीलोड जास्त झालाय, पुढे चालवायचं नाही. गाडी पूर्ण गार होऊ दिली, मग पुन्हा २५. पहिले ४००-५०० किलोमीटर अर्धा लोड, लांब घाट नाही. नंतर पहिलं ऑइल गरम असतानाच काढून टाकलं. चुंबकावर करडा लेप होता, बोटांत घासल्यावर कणी लागली नाही. ब्रीदरची टोपी आता दर ग्रीसिंगला फिरवून बघितली जाते.